द्राक्षबागेचे प्लास्टिक कव्हर: पाऊस अडतो, दमटपणा अडत नाही

घड येण्यासाठी घेतलेल्या फळछाटणीनंतरच्या पावसापासून द्राक्षबाग वाचवायला बाजारात बरेच काही विकले जाते. त्यात खरोखर कामाची वस्तू एकच, ओळीवर छपरासारखे ताणलेले पारदर्शक प्लास्टिक कव्हर. गारपिटीची जाळी पाऊस अडवत नाही. जुन्या साड्या आणि शेडनेट उन्हापुरते ठीक आहेत. घडाला गुंडाळलेला कागद उन्हाला आणि थंडीला चालतो, पण पहिल्या सरीत त्याचा लगदा होतो. म्हणून हे परीक्षण कव्हरचेच.

मत आधीच सांगून टाकतो. वस्तू चांगली आहे, पण विक्रेता ‘बाग पावसापासून सुरक्षित’ म्हणतो तेव्हा तो अर्धीच गोष्ट सांगतो. कव्हर पानावर आणि घडावर पडणारा थेंब अडवते, आणि तेवढ्यासाठी ते घ्यावे. हवेतला ओलावा, मुळाशी साचणारे पाणी आणि ढगाळ दिवसातला कमी उजेड या तीन गोष्टींवर त्याचा काही इलाज नाही. चुकीचे बसवले तर या तिन्ही गोष्टी ते वाढवते. एकरी चार-पाच लाख घालण्याआधी हा हिशेब डोक्यात पक्का हवा.

थेंब अडवणे हे छोटे काम नाही. डाऊनी (केवडा) या बुरशीरोगाचे बीजाणू रात्री, हवेत जवळजवळ पूर्ण आर्द्रता असताना पानाच्या खालच्या बाजूला तयार होतात. पण ते पानात शिरण्यासाठी पानावर मोकळे पाणी लागते, कारण त्यांतून बाहेर पडणारे चलबीजाणू पाण्यात पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. पान दोन-तीन तास ओले राहिले आणि तापमान २० ते २५ अंश असले की पुढच्या पाच-सात दिवसांत तेलकट डाग दिसतो. हे ओले तासच कव्हर कापते. पाऊस थेट पानावर येत नाही, आणि डोक्यावर उघडे आकाश नसल्याने रात्री पान कमी थंड होते, म्हणून दवही कमी धरते. फळछाटणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवस, म्हणजे पाने उघडण्यापासून मणी सेट होईपर्यंतचा काळ, घडावरच्या डाऊनीचा सर्वांत धोक्याचा. त्या काळात सलग पाऊस लागला तर ट्रॅक्टर बागेत जात नाही, गेला तर औषध टिकत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाशिक आणि सांगली पट्ट्यातल्या बागा नेमक्या अशाच गेल्या. अशा वर्षी कव्हर नसलेल्या बागेला फवारणीने वाचवणे जवळपास अशक्य होते, हे मान्य करायला हवे.

कोणते कापड घ्यावे

दुकानात दोन प्रकार दाखवतात. एक साधी पॉली फिल्म, दुसरे पट्ट्यांनी विणून दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलेले कापड. फिल्म स्वस्त असते आणि नवी असताना उजेडही जास्त सोडते, पण वाऱ्यात एका आयलेटपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापाशी, फाटली की चीर पूर्ण ओळभर पळते. विणलेल्या कापडात चीर पुढच्या पट्टीला अडते आणि तिथे ठिगळ लावता येते. उघड्या माळावरच्या बागेसाठी फिल्मचा विचारही करू नये. पॉलिहाउसवर फिल्म टिकते, कारण तिथे ती चारही बाजूंनी खाचेत स्प्रिंगने धरलेली असते. द्राक्षाच्या ओळीवर ती फक्त दोऱ्यांवर असते.

जाडी मायक्रॉनमध्ये सांगितली तर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, ते विचारा. १४० जीएसएमच्या आसपासचे कापड आमच्या मते किमान समजावे. १०० च्या खालचे एका हंगामाचे. बिलावर १४० लिहून १२० देणे अवघड नाही, म्हणून नमुना मागून घ्या, ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. १४० जीएसएमचा तुकडा ३५ ग्रॅम भरतो, १२० चा ३०. पाच ग्रॅमचा हा फरक पूर्ण एकराला ९० किलो होतो.

उजेडाची तपासणीही सोपी आहे. दुपारी बाराच्या उन्हात मोबाइलच्या लक्स मीटरवर आधी उघड्यावर आणि मग कापडाखाली आकडा घ्या. आकडे अचूक नसले तरी त्यांचे गुणोत्तर चालते. नवे कापड ८० टक्क्यांच्या खाली असेल तर परत करा, कारण एका हंगामाच्या धुळीने ते आणखी खाली येणारच आहे. दुधट दिसणारे कापड पाहून लगेच नाक मुरडू नये. पसरलेला उजेड कॅनॉपीच्या, म्हणजे पानांच्या पसाऱ्याच्या, आतल्या पानांपर्यंत जास्त पोहोचतो आणि मण्यावर उन्हाचा चट्टा कमी पडतो.

काठ नीट पाहा. काठ दुमडून, आत दोरी घालून शिवलेला किंवा वेल्ड केलेला हवा आणि आयलेट त्या दुहेरी भागातच हवेत. दीड फुटाला एक आयलेट पुरतो, तीन फुटांचे अंतर वाऱ्यात टिकत नाही. आतल्या बाजूला थेंब न धरणारा लेप आहे का, हेही विचारा. पहाटे प्लास्टिकच्या पोटाला पाणी धरते. लेप असेल तर ते उताराने काठाकडे वाहून जाते, नसेल तर घडावर ठिबकते. हा लेप दोन-तीन हंगामांत उतरतो, त्यामुळे त्याचे जास्त पैसे देताना तेवढेच आयुष्य धरावे.

एकराला किती लागते

नऊ फुटी ओळीच्या वाय पद्धतीच्या (इंग्रजी वाय आकाराच्या मांडवाच्या) बागेत एकरी ४,८४० फूट ओळ बसते. प्रत्येक ओळीवर साडेसात फूट रुंदीचे छप्पर आणि मध्यभागी अडीच फुटांचा उठाव धरला तर दोन्ही उतार मिळून नऊ फूट कापड लागते. काठाची दुमड धरून दहा फूट. म्हणजे एकरी ४८,४०० चौरस फूट, अर्थात सुमारे ४,५०० चौरस मीटर, आणि १४० जीएसएमने साधारण ६३० किलो. तुम्हाला आलेल्या कोटेशनमध्ये कापड यापेक्षा बरेच कमी दिसत असेल तर उठाव कमी केला आहे किंवा रुंदी. पैसे वाचवण्याच्या या दोन्ही जागा चुकीच्या आहेत.

उठाव दोन फुटांखाली गेला की कापड थोडे सैल पडताच मध्ये पोट पडते. त्यात पाणी साचते, पाण्याच्या वजनाने पोट आणखी खोल जाते, आणि शेवटी तार वाकते किंवा आयलेट उपटतो. रात्रभराच्या संततधारेत बऱ्याच बागांतले कव्हर असेच बसते, वाऱ्याने नव्हे. रुंदीचे उलट आहे. इथे मोह जास्त रुंद घेण्याचा होतो, दोन छपरे एकमेकांना भिडवून पूर्ण बाग झाकण्याचा. तसे कधीही करू नका. दोन छपरांमध्ये एक ते दीड फुटाची फट राहिलीच पाहिजे. झाडांनी हवेत सोडलेली वाफ आणि दिवसाची गरम हवा याच फटीतून वर जाते. फट बंद केलेल्या बागेत सकाळी दहापर्यंत पाने ओली सापडतात, आणि मग पाऊस अडवून मिळवलेले सगळे ओले तास दमटपणाने परत येतात.

बसवताना

छपराचा काठ आणि कॅनॉपीचा शेंडा यांच्यात किमान एक-दीड फूट मोकळी जागा ठेवा. प्लास्टिकला टेकलेले पान दिवसा भाजते आणि रात्री ओले राहते, डाऊनीचा पहिला डाग बहुतेक तिथेच मिळतो. म्हणून कव्हरखालच्या बागेत शेंडा मारण्याची पाळी चुकवू नये.

उभा आधार म्हणून वायच्या खांबालाच जीआय पाइप जोडून वर नेतात. दोन आधारांतले अंतर १५ फुटांच्या पुढे नको. कण्याची, म्हणजे छपराच्या मधली, तार ८ गेज, काठाच्या दोन्ही तारा १० गेज (गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड). १२ गेजची तार पहिल्या वर्षी ताठ दिसते आणि दुसऱ्या वर्षी झोळी होते. खरा जोर ओळीच्या दोन्ही टोकांच्या खांबांवर येतो. तिथे जुन्या मांडवाच्याच ताणावर विसंबू नका, कव्हरसाठी वेगळा ताण आणि जमिनीत वेगळा अँकर हवा. ताशी ६० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे १७ किलो दाब देतो. शंभर फूट लांब आणि साडेसात फूट रुंद छपराखाली असा वारा शिरला तर एकूण जोर टनाच्या वर जातो. म्हणूनच कापड आणि काठाची तार यांच्यामधली दोरी कापडापेक्षा कमकुवत ठेवतात. वादळात दोरी तुटलेली बरी, ती दहा रुपयांत बदलते. जाड नायलॉनने करकचून बांधलेल्या ओळीत दोरी शाबूत राहते आणि कापड फाटते. थोडी लवचिक दोरी वापरली तर ताणही टिकतो.

कापड जिथे पाइपवर टेकते तिथे ते आधी कुजते. उन्हात तापलेला लोखंडी पाइप प्लास्टिक ठिसूळ करतो. टेकणाऱ्या भागाला पांढरा रंग द्या. तारेवर घासणाऱ्या जागी जुन्या ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल उभी चिरून बसवा. खर्च काहीच नाही आणि कापडाचे आयुष्य एका हंगामाने वाढते. पश्चिमेकडच्या बांधावर वाराअडथळा नसेल तर कव्हरच्या आधी तो लावावा, शेवरी किंवा गजराज गवत, काहीही चालेल.

पडलेले पाणी जाते कुठे

या प्रश्नावर विक्रेते सहसा बोलत नाहीत. एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. छपराने जमिनीचा ८० टक्क्यांहून जास्त भाग झाकलेला असतो, त्यामुळे ८० हजार लिटरहून जास्त पाणी दोन ओळींमधल्या दीड फुटी पट्ट्यात कोसळते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यातून ट्रॅक्टर जातो. काळ्या जमिनीत दोन पावसांत तिथे गुडघाभर चिखल होतो. त्याहून वाईट म्हणजे हे पाणी जमिनीतून आडवे पसरून मुळांपर्यंत पोहोचते. पाणी उतरलेल्या, म्हणजे मऊ पडून पिकू लागलेल्या, मण्याला तडा जाण्याची दोन कारणे आहेत. एक, सालीवर साचलेले पाणी साल शोषते. दुसरे, मुळांनी ओढलेल्या पाण्याचा दाब. कव्हर पहिले कारण थांबवते. दुसरे थांबवायला चारी लागते.

ओळीच्या मधोमध रुंद, उथळ, उताराने बांधाकडे जाणारी चारी काढा आणि तिच्यात गवत वाढू द्या, म्हणजे माती वाहत नाही आणि टायरही धरतो. ओळी उताराला आडव्या असतील तर टोकाला पाणी तुंबते, तिथे आडवा चर आधीच खणून ठेवा. काहीजण दोन छपरांमध्ये पन्हळ लावून पाणी शेततळ्यात नेतात. कल्पना चांगली वाटते, पण पन्हळीने वायुवीजनाची फट बंद होते, म्हणून आम्ही तिची शिफारस करत नाही. उथळ मुरमाड जमिनीत मात्र प्रश्न उलटा होतो. पाऊस पडूनही बुंध्याजवळची माती कोरडी राहते आणि ‘पाऊस झाला’ म्हणून ठिबक बंद ठेवलेले असते. कव्हर असताना पाण्याचा निर्णय मुळाजवळची माती हातात घेऊनच करावा.

डाऊनी गेली, भुरी आली

भुरी या पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या बुरशीरोगाला मोकळे पाणी लागत नाही. उलट पाऊस तिचे बीजाणू धुऊन टाकतो. कव्हरखाली सावली, कोरडे पान आणि एक-दोन अंश जास्त ऊब, म्हणजे भुरीला हवे ते सगळे मिळते. मिलीबग, थ्रिप्स आणि लाल कोळी यांचेही तसेच, त्यांना धुऊन टाकणारा पाऊसच उरत नाही. डाऊनीच्या फवारण्या स्पष्टपणे कमी होतात, पण एकूण फवारणीचे वेळापत्रक मोडीत काढणाऱ्याला डिसेंबरात देठावर आणि मण्यावर भुरी सापडते. पाने बाजूला सारून मधल्या कॅनॉपीत वाकून बघावे लागते, बाहेरून बाग निरोगीच दिसते.

त्यात एक अडचण आहे. भुरीचे सर्वांत स्वस्त औषध गंधक, आणि गंधकच प्लास्टिकमधल्या अतिनील किरणांपासून वाचवणाऱ्या घटकाला मारते. फवारणीच्या ब्लोअरने वर उडालेले गंधक कापडाच्या आतल्या बाजूला बसते आणि तीन-चार वर्षांचे कापड दोन वर्षांत चुरा होते. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत हीच अट बहुतेक असते. गंधक मारायचेच असेल तर नोझलची दिशा खाली ठेवा. शक्य तिथे पोटॅशियम बायकार्बोनेट, बॅसिलस जिवाणू आणि अॅम्पेलोमायसिस बुरशी यांवर भर द्या. जैविक बुरशी कव्हरखाली उघड्या बागेपेक्षा जास्त टिकते, कारण तिला ऊन आणि पावसाचा मार कमी बसतो.

हेच टिकणे निर्यातदाराला महागात पडू शकते. औषध पावसाने धुतले जात नाही आणि उन्हाने लवकर विघटित होत नाही, म्हणून उर्वरित अंश जास्त दिवस राहतो. लेबलवरचा काढणीपूर्व काळ उघड्या बागेचा असतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठी मान्य औषधांच्या अॅनेक्श्चर ९ या यादीनुसार फवारले तरी कव्हरखालच्या बागेत शेवटची रासायनिक फवारणी आठवडाभर आधीच थांबवावी आणि नमुना तपासूनच तोडणी धरावी. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपात आपला माल नाकारला गेला, ते नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको.

केव्हा झाकायचे, केव्हा उघडायचे

फळछाटणी, पेस्टिंग (डोळे फुटण्यासाठी काडीला औषध लावणे) आणि बांधणी झाली की पोंगा, म्हणजे फुगलेला डोळा, फुटण्याआधी कापड वर गेले पाहिजे. पाने आल्यावर, ढग दिसल्यावर धावपळीत चढवलेले कापड निम्मे डाग आत घेऊनच बंद होते. काढणी संपली की लगेच कण्याच्या तारेवर गुंडाळा किंवा उतरवून, धुऊन, वाळवून सावलीत ठेवा. उंदरांपासून जपा.

काढणी संपल्यावर नव्या काड्यांसाठी घेतलेल्या एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी हवी, यात तडजोड नाही. छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत पुढच्या वर्षीच्या घडाचा गर्भ डोळ्यात धरतो आणि त्याला भरपूर ऊन लागते. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस आणि ढग लागले, मान्सून २५ मेलाच राज्यात आला, आणि पुढे फळछाटणीनंतर अनेक बागांत घड कमी निघाले, गोळी घड (न वाढलेले बारीक घड) आले, घड जिरले, म्हणजे घडाची बाळी झाली. त्यावर उपाय म्हणून कव्हर उन्हाळ्यातही ठेवावे असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो ऐकू नका. तिथे तोटा उजेडाचा होता, कव्हर तो आणखी कमी करते.

फळाच्या हंगामातही उजेड कमी झाल्याची किंमत असतेच. साखर भरायला काही दिवस जास्त लागतात. थॉम्सनसारख्या पांढऱ्या जातीला याचा फायदाही होतो, मणी पिवळा न पडता हिरवट राहतो आणि निर्यातीला तेच हवे असते. क्रिमसनसारख्या रंगीत जातीला मात्र रंग उशिरा आणि फिका येतो. तिथे घडाजवळची पाने काढून उजेड आत घ्यावा लागतो.

गारपिटीबद्दल जास्त आशा ठेवू नये. हरभऱ्याएवढी गार विणलेले कापड झेलते. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड, दिंडोरी, चांदवडमध्ये पडली तशी गार ते झेलेलच याची खात्री कुणी देऊ नये. गार छपराच्या पोटात साचली तर सांगाडाच बसतो.

कुणी घ्यावे

बागलाणात जून ते ऑगस्टमध्ये छाटणी घेऊन भर पावसाळ्यात फुलोरा काढणाऱ्यांसाठी कव्हर सर्वांत फायद्याचे आहे. त्यांचा माल आगाप निघतो, भाव चांगला असतो आणि धोका दरवर्षीचा असतो. त्यानंतर सप्टेंबर छाटणीवाले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटणी घेणाऱ्या तासगाव, कवठे महांकाळच्या बेदाणा बागांसाठी हा खर्च आम्ही सुचवणार नाही. तिथे तेच पैसे निचऱ्यावर आणि चांगल्या ब्लोअरवर घालावेत. एकरी १० टन आणि किलोला ४० रुपये धरले तर एका गेलेल्या हंगामाची किंमत चार लाख होते, म्हणजे सांगाड्यासह जवळजवळ पूर्ण खर्च. मात्र सांगाडा १५ वर्षे चालतो आणि कापड तीन-चार वर्षांनी पुन्हा घ्यावे लागते, हा दुसरा खर्च आजच वहीत लिहून ठेवावा. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून द्राक्षाच्या कव्हरला प्रायोगिक तत्त्वावर अनुदान दिले गेले आहे. त्यात एकरी सुमारे ४ लाख ८१ हजार रुपये खर्च धरून निम्मी रक्कम मिळत होती. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा होता. पूर्वसंमती हातात येण्याआधी काम सुरू करू नये, नाहीतर अनुदान अडकते.

पूर्ण बाग एकदम झाकण्याऐवजी पहिल्या वर्षी २० गुंठे घ्यावे आणि शेजारच्या उघड्या भागाशी डाऊनी, भुरी, साखर, वजन या चार गोष्टी ताडून पाहाव्यात. ऑर्डर देताना कोटेशनवर जीएसएम, उठावाची उंची, तारेचे गेज, अँकरची संख्या आणि अतिनील वॉरंटीचे महिने लिहून घ्यावेत. कापड आणि सांगाडा यांचे दर वेगवेगळे मागावेत. आणि पहिल्या वादळानंतर सैल पडलेले कापड पुन्हा ताणून देण्याची एक फेरी किमतीत धरलेली आहे का, हे सही करण्याआधी विचारावे. नवे कापड पहिल्या महिन्यात सैल पडतेच, आणि त्या एका फेरीसाठी मजूर ऐन हंगामात मिळत नाहीत.